आधी लग्न, मग गोळी: विद्यार्थिनींच्या गर्भनिरोधनाची पार्श्वभूमी

गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत १९६० मध्ये मंजुरी मिळाली. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींपर्यंत ती सहजपणे पोहोचायला मात्र आणखी दशकभर जावं लागलं. औषध बाजारात होतं. अडत होतं ते विद्यार्थिनीच्या लग्नापाशी आणि वयापाशी. बहुतेक राज्यांत २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत ती कायद्याने अल्पवयीन होती आणि वसतिगृहात राहत असेल, तर पालकाची भूमिका विद्यापीठ स्वतःकडे घेई. मग कुणी पाळीच्या तक्रारी सांगून गोळी मिळवी. ते जमायचंही, कारण १९५७ मध्ये हेच औषध पाळीच्या विकारांसाठी मंजूर झालं होतं.

१९६५ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दोन अविवाहित विद्यार्थिनींना गोळी लिहून दिली. दोघीही २१ वर्षांच्या पुढच्या होत्या, तरी त्याची देशभर बातमी झाली. कनेक्टिकट राज्यातली गर्भनिरोधनावरची बंदी उठवणारा सर्वोच्च न्यायालयाचा ‘ग्रिसवोल्ड’ निकाल त्याच वर्षीचा, पण तो फक्त विवाहित जोडप्यांपुरता होता.

ही भिंत पाडणारा खटला विद्यापीठाच्या आवारातच उभा राहिला. एप्रिल १९६७ मध्ये बॉस्टन विद्यापीठात बिल बेअर्ड या कार्यकर्त्याने भाषणानंतर एका अविवाहित तरुणीच्या हातात गर्भनिरोधक फेसाची डबी ठेवली. अटक होणार हे त्याला ठाऊक होतं. किंबहुना तेच हवं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार अशी साधनं फक्त डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याने द्यायची आणि तीही फक्त विवाहितांना. हे कलम ‘शीलाविरुद्धचे गुन्हे’ या प्रकरणात होतं, यावरून कायद्याला काळजी आरोग्याची होती की आणखी कशाची, ते कळतं. बेअर्डला शिक्षा झाली, तो तुरुंगातही गेला. अखेर मार्च १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आयझेनश्टाट विरुद्ध बेअर्ड’ या निकालात विवाहित-अविवाहित हा भेद रद्द केला. त्याच सुमाराला अनेक राज्यांनी सज्ञानतेचं वय २१ वरून १८ वर आणलं. विद्यार्थिनींच्या दृष्टीने हा बदलही निकालाइतकाच मोठा, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

कॅनडात विद्यार्थ्यांनी न्यायालयाची वाटही पाहिली नाही. मॅकगिल विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने १९६८ मध्ये संततिनियमनाची पुस्तिका छापली, तेव्हा अशी माहिती वाटणं तिथे गुन्हाच होता. कायदा बदलला १९६९ मध्ये. पुस्तिकेच्या पुढे लाखो प्रती गेल्या.

क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये मांडलं की, १९७० नंतर कायदा आणि वैद्यकाच्या वर्गांत मुली वाढल्या, त्यात गोळीचा वाटा होता. लांबलचक शिक्षण आणि गरोदरपणाची धास्ती या दोन्हींचा मेळ बसवणं तोवर अवघडच होतं. अर्थात एवढ्या बदलाचं सगळं श्रेय एका औषधाला देता येत नाही. स्त्री चळवळ आणि भेदभावविरोधी कायदे त्याच काळातले आहेत.

पुढचा वाद आपत्कालीन गोळीचा. ती शरीरसंबंधानंतर घ्यायची असते आणि जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी, त्यामुळे डॉक्टरच्या चिठ्ठीसाठी थांबणं महागात पडे. २०१२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या शिपेन्सबर्ग विद्यापीठाच्या दवाखान्यात ही गोळी देणारं स्वयंचलित यंत्र असल्याची बातमी गाजली. पुढच्याच वर्षी ती अमेरिकेत वयाच्या अटीशिवाय, चिठ्ठीविना मिळू लागली.

फ्रान्सने २०२२ पासून २५ वर्षांपर्यंतच्या तरुणींना गर्भनिरोधन मोफत केलं. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने मुलांना २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येतं. खर्च भागतो, पण उपचारांचा तपशील सांगणारं विमा कंपनीचं पत्र बहुधा विमाधारकाच्या, म्हणजे आईवडिलांच्याच नावे घरी जातं.