वाहन अपघातात जखमी झालात तर भरपाईचा दावा: कागद, मुदत आणि रकमेचं गणित

वाहन अपघातात जखमी झालेल्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, यांपैकी सोयीचं ठिकाण निवडा. नाशिकचा माणूस सोलापूरजवळ जखमी झाला तरी दावा नाशिकला चालतो. चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही सामनेवाले करा. मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने आहे. ही मर्यादा १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली; 'कितीही उशिरा चालतं' हा त्याआधीचा अनुभव आता उपयोगाचा नाही.

चूक कोणाची हे सिद्ध करायचं नसेल तर कलम १६४ आहे. त्यात गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो, त्यामुळे कायमचं अपंगत्व आलं असेल तर सही करण्याआधी खालचं गणित मांडून बघा.

समजा, ३४ वर्षांचा प्लंबर, महिना १८,००० कमाई. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. या वयाचा गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा) १६, म्हणजे ४८,३८,४००. आता कमावण्याची क्षमता किती टक्के गेली? ३० टक्के धरली तर १४,५१,५२० रुपये, १५ धरली तर ७,२५,७६०. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश कापत नाहीत. ती वजावट मृत्यूच्या दाव्यातली.

सगळी लढाई त्या टक्क्यावर होते. अपंगत्वाच्या दाखल्यावर 'डावा पाय ४० टक्के' असं असतं, ते त्या अवयवापुरतं. संपूर्ण शरीराचा टक्का त्याहून कमी निघतो, आणि कमाईवरचा परिणाम आणखी वेगळा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाताचंच उदाहरण दिलं आहे: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून नेमकं काम काय करत होता आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे अर्जात सविस्तर लिहा. प्लंबरच्या बाबतीत उकिडवं बसणं, शिडी चढणं, पाइप खांद्यावर उचलणं. 'काम करता येत नाही' एवढ्याने भागत नाही.

दाखला उपचार पूर्ण झाल्यावर घ्या, शक्यतो सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय मंडळाकडून. नुसता कागद जोडून चालत नाही, डॉक्टरची साक्ष लागते. ज्याने कधी तपासलंच नाही अशा डॉक्टरचा 'तयार' दाखला उलटतपासणीत टिकत नाही.

दुसरी गळती उत्पन्नाच्या पुराव्यात होते. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं. वरच्या उदाहरणात १८,००० ऐवजी १२,००० धरले तर १४,५१,५२० चे ९,६७,६८० होतात. आयकर विवरणपत्र अपघाताआधी भरलेलं असावं. नंतर घाईने भरलेल्याकडे संशयानेच पाहतात. ते नसेल तर बँक पासबुक, यूपीआयच्या नोंदी, मालाची बिलं, नियमित गिऱ्हाइकांच्या साक्षी.

बाकीचे कागद: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दोषारोपपत्र, जखमेचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, वयाचा पुरावा, वाहनाचं आरसी आणि विमा पॉलिसी. रुग्णालयात जाण्या-येण्याचा खर्च, सोबतच्या माणसाचा खर्च आणि पौष्टिक आहार हेही मागता येतं, त्यांच्या पावत्या जपा. मेडिक्लेमने बिल भरलं म्हणून तो आकडा सोडू नका. ती रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलं आहे.

जखमीचीही चूक ठरली तर तेवढे टक्के कापले जातात: २० टक्के चूक म्हणजे १४,५१,५२० मधून २,९०,३०४ गेले. इथे पंचनाम्याचा नकाशा निर्णायक असतो. ब्रेकच्या खुणा, काचेचे तुकडे आणि गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला होत्या ते त्यात आलं आहे का, हे प्रत मिळाल्याबरोबर तपासा. चुकलं असेल तर लगेच लेखी हरकत द्या आणि पोहोच घ्या.