ऑफ-रोड वाहनांतील फेरबदल आणि वॉरंटी

खडक, चिखल, वाळू, नदीपात्र अशा रस्ता नसलेल्या भूभागावर चालवण्यासाठी बांधलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या, पिकअप, एटीव्ही (हँडलने चालवायची चारचाकी) आणि साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी आसने असलेली छोटी) वाहने यांना ऑफ-रोड वाहने म्हटले जाते. ही वाहने जशी कारखान्यातून येतात तशीच ठेवणारे मालक थोडे. उंची वाढवणारे लिफ्ट किट, मोठे टायर, लोखंडी बंपर, अडकलेली गाडी ओढून काढणारा विंच, इंजिनाची हवा छताजवळून घेणारा स्नॉर्कल, जादा दिवे, इंजिनाचे रिमॅपिंग (नियंत्रक सॉफ्टवेअरमधील बदल) असे बदल खरेदीनंतर लगेचच सुरू होतात आणि त्यांतले बहुतेक भाग वाहन-उत्पादकाचे नसून बाहेरच्या कंपन्यांचे असतात. अशा बदलांमुळे उत्पादकाने दिलेल्या वॉरंटीचा कोणता हिस्सा शाबूत राहतो आणि कोणता जातो, हा या नोंदीचा विषय आहे. ‘बाहेरचा भाग बसवला की वॉरंटी गेली’ हा समज जितका चुकीचा आहे, तितकाच ‘कायदा पाठीशी असल्याने काहीही बसवले तरी चालते’ हा समजही चुकीचा आहे. प्रत्यक्षात प्रश्न एका वेळी एका बिघाडापुरता असतो: तो बिघाड त्या बदलामुळे झाला का, आणि तसे दाखवून देण्याची जबाबदारी कोणाची?

नव्या वाहनाची वॉरंटी साहित्यातील आणि निर्मितीतील दोषांसाठी असते. नेहमीची झीज, अपघात, गैरवापर आणि निगा न राखल्याने झालेले नुकसान तिच्यात येत नाही. बहुतेक उत्पादक संपूर्ण वाहनासाठी एक मुदत आणि इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल या पॉवरट्रेनसाठी त्याहून लांब अशी दुसरी मुदत देतात. अमेरिकेत ३ वर्षे किंवा ३६,००० मैल आणि ५ वर्षे किंवा ६०,००० मैल ही जोडी बऱ्याच कंपन्यांकडे आढळते. एटीव्हीसारख्या वाहनांची वॉरंटी मात्र पुष्कळदा सहा महिने ते एक वर्ष एवढीच असते. वॉरंटीपुस्तिकेत फेरबदलांविषयीचे कलम जवळजवळ नेहमी असते आणि त्याची शब्दरचना बारकाईने वाचण्यासारखी असते. ‘फेरबदलामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही’ आणि ‘फेरबदल केलेल्या वाहनाला वॉरंटी लागू नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रमुख उत्पादकांच्या पुस्तिकांत साधारणपणे पहिल्या प्रकारचे वाक्य असते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मात्र दुसऱ्या प्रकारचे ऐकू येते.

या विषयातील सर्वांत जास्त उद्धृत होणारा कायदा म्हणजे अमेरिकेचा १९७५चा मॅग्नुसन–मॉस वॉरंटी कायदा. विशिष्ट ब्रँडचाच भाग किंवा विशिष्ट ठिकाणचीच सेवा वापरली तर वॉरंटी टिकेल, अशी अट उत्पादकाला या कायद्यानुसार घालता येत नाही. तो भाग वा सेवा फुकट दिली जात असेल किंवा ग्राहकहिताची देखरेख करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने तशी सूट दिली असेल, तरच अपवाद होतो. याच तत्त्वावर कमिशनने २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनसह काही कंपन्यांवर कारवाई करून त्यांच्या वॉरंटीतील अशा अटी काढायला लावल्या. मात्र बाहेरच्या भागाने खरोखरच नुकसान केले असेल, तर त्या नुकसानीचा दावा नाकारण्याचा उत्पादकाचा हक्क या कायद्याने काढून घेतलेला नाही. शिवाय पैसे भरून घेतलेला वाढीव सेवा-करार म्हणजे वॉरंटी नव्हे. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक करारांत लिफ्ट केलेल्या किंवा मूळ मापापेक्षा मोठे टायर लावलेल्या गाड्या सरसकट वगळलेल्या असतात.

भारतात हाच विचार दोन वेगवेगळ्या वाटांनी आला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असा निर्देश भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार-उत्पादकांविरुद्धच्या प्रकरणात दिला. दुसरी वाट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने केंद्र सरकारला रेट्रोफिटिंगचे (वाहनात नंतर भाग बसवण्याचे) निकष ठरवण्याचा अधिकार मिळाला आणि त्या निकषांनुसार केलेल्या बदलासाठी उत्पादकाची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही, अशी तरतूद कलमात आली. ऑस्ट्रेलियात २०११ पासून लागू असलेल्या ग्राहक कायद्यातील हमी उत्पादकाच्या वॉरंटीहून वेगळ्या आहेत आणि तिच्या मुदतीबरोबर त्या आपोआप संपत नाहीत. तरीही मालकाच्या असाधारण वापराने बिघडलेल्या मालाला त्यांचे संरक्षण मिळत नाही. बदल कायदेशीर असणे आणि तो वॉरंटीला सोसणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियात वाहनाची एकूण भारक्षमता वाढवणारी सस्पेन्शन किट रीतसर मान्यता घेऊन बसवता येतात. पण त्या मान्यतेमुळे मूळ उत्पादक वाढीव भाराची जबाबदारी घेत नाही.

तांत्रिक बाजू पाहिली की वाद नेमका कुठे उभा राहतो ते कळते. प्रत्येक बदल आपला भार शेजारच्या भागाकडे ढकलतो आणि वॉरंटी त्या भाराच्या वाटेवर कमी कमी होत जाते. लिफ्ट किटचे उदाहरण घ्यावे. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र प्रकारचे असलेल्या गाडीची उंची स्प्रिंग किंवा स्पेसर बदलून दोन इंचांनी वाढवली, की चाकाकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट मूळ आराखड्यापेक्षा तिरपे होतात. सीव्ही जॉइंट (शाफ्टला वाकून फिरू देणारा सांधा) त्या कोनात सतत फिरत राहिल्याने त्यावरचे रबरी बूट घड्यांजवळ घासते, फाटते, ग्रीस बाहेर फेकले जाते आणि आत धूळ शिरते. काही काळाने वळताना कट-कट आवाज येऊ लागतो. गाडी रॅम्पवर चढवल्यावर तंत्रज्ञाला चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले ग्रीसचे काळे शिंतोडे आणि वरचा स्पेसर हे दोन्ही एकाच नजरेत दिसतात आणि दावा तिथेच संपतो. बॉल जॉइंट, कंट्रोल आर्मचे बुश आणि प्रॉपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट यांचीही हीच कथा. त्याच गाडीचा एसी बंद पडला, खिडकीची मोटर जळाली किंवा स्क्रीन काळी झाली, तर लिफ्ट किटचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो आणि ती कामे वॉरंटीत व्हायलाच हवीत. अडचण मधल्या टापूत असते. ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या एक्सलकडे शक्ती वाटणाऱ्या पेटीचे) सील गळू लागले तर ते वाढलेल्या कंपनांमुळे की मुळातच सदोष होते, हे सील पाहून सहज सांगता येत नाही.

मोठ्या टायरचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. मूळ ३१ इंची टायरऐवजी ३५ इंची टायर लावला तर चाकाच्या एका फेरीत गाडी सुमारे १३ टक्के जास्त पुढे जाते. मीटर ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना खरा वेग ९० च्या घरात असतो. एक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या) ४.१० असेल, तर त्याचा परिणाम ३.६३ असल्यासारखा होतो. म्हणजे इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये जास्त ओढावे लागते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा तेलावर चालणारा भाग) जास्त घसरतो आणि तेल तापते. टायरचे वजन वाढल्याने व्हील बेअरिंग, स्टिअरिंगचे जोड आणि ब्रेक यांच्यावरचा ताण वेगळाच. बाहेर काढलेली चाके किंवा व्हील स्पेसर असल्यास बेअरिंगवरचा पीळ आणखी वाढतो. डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियन हे गिअर बदलून गुणोत्तर जुळवता येते, पण ते उघडल्याक्षणी त्या डिफरन्शियलची वॉरंटी नवे गिअर बसवणाऱ्याकडे जाते. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: मीटर नव्या मापाला जुळवून घेतले नाही, तर ओडोमीटरही कमी अंतर नोंदवतो. मीटरवर ६०,००० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ६७,००० च्या पुढे गेलेली असते. वॉरंटीची मुदत अंतरावर मोजली जात असल्याने हा साधा फरक नाही. वाहनाचे खरे अंतर ठरवता न येणे हे ज्या मोजक्या कारणांनी संपूर्ण वॉरंटी रद्द होऊ शकते त्यांपैकी एक आहे.

इंजिनाचे रिमॅपिंग हा सर्वांत महाग पडू शकणारा बदल होय. टर्बो डिझेल इंजिनात इंधनाचे प्रमाण आणि बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवला की सिलिंडरमधील दाब, एक्झॉस्टचे तापमान आणि टॉर्क हे तिन्ही वाढतात. त्यामुळे पिस्टन, हेड गास्केट, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स अशी संपूर्ण पॉवरट्रेनच संशयाच्या कक्षेत येते. सर्व्हिसला जाण्यापूर्वी मूळ सॉफ्टवेअर परत टाकले की काही कळत नाही, हा समज फसवा आहे. अनेक ईसीयू (इंजिनाचे संगणकीय नियंत्रक) किती वेळा नवे सॉफ्टवेअर लिहिले गेले याची मोजणी ठेवतात, आतील कॅलिब्रेशनचा पडताळणी क्रमांक निदान-यंत्रावर वाचता येतो आणि मोठ्या बिघाडात ही माहिती डीलरकडून थेट उत्पादकाकडे जाते. सेन्सरचा संकेत बदलणारे ट्यूनिंग बॉक्स काढून ठेवता येतात, पण दाबाचे आणि टॉर्कचे असाधारण आकडे नोंदीत राहू शकतात. उत्सर्जन-नियंत्रणाची यंत्रणा काढून टाकणे ही तर वॉरंटीपलीकडची बाब आहे. अमेरिकेच्या क्लीन एअर अॅक्टखाली ते बेकायदेशीर आहे. तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिन नियंत्रक यांना कायद्यानेच ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांची वेगळी वॉरंटी मिळते, आणि छेडछाड करणारा मालक ती स्वतःच्या हाताने घालवतो.

विजेची कामे दिसायला किरकोळ, पण वादाला भरपूर. हेडलाइटमागची मूळ वायर सोलून तिला दिव्याचा सांधा मारला, की पाणी शिरते, तांबे हिरवे पडते आणि काही महिन्यांनी भलत्याच मॉड्यूलमध्ये दोष दिसू लागतो. बॅटरीपासून वेगळी ओढलेली, फ्यूज आणि रिले असलेली वायरिंग गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरांच्या जुडीला) हात लावत नाही, म्हणून तिच्यावर बोट ठेवणे कठीण जाते. लोखंडी बंपरमागे रडार किंवा धडक-सेन्सर असेल, तर स्वयंचलित ब्रेक आणि एअरबॅग यांच्याबद्दलची जबाबदारी उत्पादक झटकतो, आणि माझ्या मते त्यात तो चुकत नाही.

स्नॉर्कल लावल्याने गाडीची पाण्यातून जाण्याची अधिकृत खोली वाढत नाही. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकला, तर तो निर्मितीदोष मानला जात नाही. शर्यतीतील वापरही बहुतेक वॉरंटींतून वगळलेला असतो, मग गाडीत एकही बदल केलेला नसला तरी.

उत्पादकाच्या स्वतःच्या अॅक्सेसरीज हा सुरक्षित मार्ग मानला जातो. जीपसाठी मोपार आणि टोयोटासाठी टीआरडी या नावांनी लिफ्ट किटही विकली जातात, आणि ती अधिकृत डीलरने बसवली तर वाहनाच्या वॉरंटीशी त्यांचा मेळ राहतो. पण डीलरच्या दुकानात विकला जाणारा प्रत्येक भाग उत्पादकाचा नसतो. डीलरने स्वतःच्या जबाबदारीवर बाहेरचे किट बसवून दिले, तर त्याची हमी त्या किटच्या कंपनीची आणि फार तर डीलरची असते. ‘याने वॉरंटीला काही होणार नाही’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन ऐन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. बिलावर भागाचा क्रमांक आणि बसवणाऱ्याचे नाव असलेला लेखी मजकूर पडतो.

दावा नाकारला गेल्यास मालकाने कोणता भाग, कोणता बदल आणि दोहोंतील कार्यकारणसंबंध कोणता, हे लेखी मागावे. तत्त्वतः हा संबंध उत्पादकाने दाखवायचा असतो. व्यवहारात मात्र गाडी रॅम्पवर अडकून पडलेली असते आणि दुरुस्तीचा खर्च आधी मालकालाच करावा लागतो. म्हणून मूळ भाग जपून ठेवणे, बदलापूर्वी व नंतर अॅलाइनमेंटचे कागद घेणे, तेलबदलाच्या पावत्या राखणे आणि बिघडलेला भाग भंगारात जाऊ न देता स्वतंत्र तपासणीसाठी ताब्यात घेणे, या गोष्टी कायद्याच्या कलमाइतक्याच मोलाच्या ठरतात. डीलरने नकार दिला तरी उत्पादकाच्या ग्राहक-विभागाकडे आणि पुढे ग्राहक न्यायालयाकडे जाता येते. मॅग्नुसन–मॉस कायद्याखाली जिंकणाऱ्या ग्राहकाला वकिलाचा खर्चही न्यायालय देववू शकते.

काही उत्पादक फेरबदल आढळलेल्या गाडीच्या चॅसिस क्रमांकावर आपल्या संगणकप्रणालीत तशी खूण करून ठेवतात. ही खूण मालक बदलला तरी पुसली जात नाही. त्यामुळे मुदत शिल्लक असलेली जुनी ऑफ-रोड गाडी घेणाऱ्याने, ती आज कितीही मूळ स्थितीत दिसत असली तरी, व्यवहारापूर्वी अधिकृत डीलरकडे तो क्रमांक देऊन वॉरंटीची सद्यःस्थिती लेखी तपासून घ्यावी.