जास्वंदीची कळी कुठून तुटते?

श्रावणात बेळगावची झड लागली की आमच्या परड्यातल्या जास्वंदीखाली रोज सकाळी आठ-दहा कळ्या पडलेल्या दिसतात. टोकाला नुकती लाल रेघ फुटू लागलेली आणि तेवढ्यात गळालेल्या. गणपती पंधरा दिवसांवर आलेले असताना हे बघवत नाही. शेजारच्या मावशी कुंपणावरून सांगतात, "अगं, खत घाल की मूठभर!"

खताआधी एक पडलेली कळी उचलून तिचा देठ बघा. देठ कुठंही मोडलेला नसतो. कळीच्या थोडं खाली एक बारीक पेर असतं, तिथंच तो स्वच्छ सुटलेला असतो. वाऱ्यानं तुटलेल्या फांदीसारखे धागे लोंबत नाहीत. कळी पडलेली नाही, झाडानं ती सोडलेली आहे. सोडण्याची जागाही झाडानं कळी धरतानाच करून ठेवलेली असते.

त्या पेरातल्या पेशी आजूबाजूच्या पेशींपेक्षा लहान असतात. वाढती कळी ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करते आणि ते देठातून सतत खाली झिरपत राहतं. ही धार चालू आहे तोवर सांधा पक्का. कळीला अन्न-पाणी कमी पडलं, किडीनं ती पोखरली, की धार आटते. मग त्या पेशींवर इथिलिन या वायूचा अंमल चालू होतो. पेशींना एकमेकींशी जोडणारा पेक्टिनचा थर असतो. पेरूची जेली थिजते ती याच पदार्थामुळं. इथिलिनमुळं तयार होणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, हा थर विरघळवतात, सांधा सैल होतो आणि कळी स्वतःच्या वजनानं खाली येते.

इथिलिन आपल्या घरात नवीन नाही. अढीतले आंबे एकमेकांच्या संगतीनं पिकतात ते याच वायूमुळं. 1901 मध्ये रशियातल्या दिमित्री नेल्युबोव्ह यांनी प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं वेडीवाकडी का वाढतात याचा शोध घेतला, तेव्हा दिव्यांच्या गॅसमधलं इथिलिन सापडलं. झाडं हा वायू स्वतःही बनवतात, हे 1934 मध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं. जास्वंद या वायूला फार हळवी आहे. म्हणून कळ्यांनी लगडलेली कुंडी बंद गाडीतून लांब आणली, तर घरी पोचून दोन-चार दिवसांत निम्म्या कळ्या गळतात.

पण आमच्या झाडाला पावसाळ्यात हा वायू कुठून मिळतो? मुळांकडून. वडगाव-शहापूरकडची काळी माती पाणी धरून ठेवते, भाताला ती सोन्यासारखी. तीच माती कुंडीत दाबून भरली की मुळांना हवा मिळेनाशी होते. गुदमरलेल्या मुळांत इथिलिनचा कच्चा माल साठतो. इथिलिन बनायला प्राणवायू लागतो, तो खाली नसतो. म्हणून हा कच्चा माल पाण्याबरोबर वर चढतो आणि पानांत, देठांत त्याचा वायू होतो. टोमॅटोच्या झाडात ही वाट 1980 मध्ये उलगडली. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण दुखणं मुळाशी आणि गळती शेंड्याला, हे कोडं त्यानं सुटतं. त्यात ढगाळ दिवसांत पानं साखर कमी बनवतात, मग सगळ्या कळ्या पोसणं झाडाला परवडत नाही.

खानापूर-कणकुंबीकडं पाण्याच्या अतीनं जे होतं, तेच अथणीकडं पाण्याच्या तुटीनं होतं. माती एकदा कडक वाळली आणि मग भरभरून पाणी दिलं, तरी कळ्या जातात. थंड मुलखातल्या कॅमेलियाचं, म्हणजे चहाच्या बहिणीचं, असंच आहे. तिच्या कळ्या उन्हाळ्यात धरतात, फुलतात हिवाळ्यात-वसंतात. उन्हाळ्याच्या शेवटी पडलेल्या कोरडीची गळती कित्येक महिन्यांनी दिसते. आपल्या जास्वंदीत हे अंतर काही दिवसांचंच असतं, पण आजच्या गळतीचं कारण गेल्या आठवड्यात शोधावं हे इथंही खरं.

म्हणून मावशींची मूठ मी थांबवते. लोक हमखास घालतात ते डीएपी, त्यात 46 टक्के स्फुरद. कुंडीभर मातीत एवढा क्षार पडला की मुळांना पाणी ओढणंच जड जातं. आधीच दमलेल्या झाडाला हे नको. कुंडी दोन विटांवर ठेवा, खालची ताटली काढा, भोक तारेनं मोकळं करा. माती बदलताना वाळू आणि भाताचं तूस मिसळा. पाणी द्यायचं ते वरची माती बोटाच्या दोन पेरांइतकी सुकल्यावरच. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका. दुहेरी पाकळ्यांच्या जाती एकेरीपेक्षा जास्त गळतात, तेव्हा नवीन रोप घेताना साधी तांबडी एकेरीच घ्या.

आता किडीचं. पडलेली कळी ब्लेडनं उभी चिरून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक लांबट फुलकिडे दिसले, किंवा देठाशी पिठ्या ढेकणाचा कापूस दिसला, तर 50 ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा. पण पिवळट पांढऱ्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या अळ्या वळवळत असतील, तर ती कळीमाशी. कळीच्या आत अळीपर्यंत फवारा पोचतच नाही. कळी पडली की अळी मातीत उतरून कोषात जाते आणि तिची माशी नव्या कळीत अंडी घालते. हे चक्र साधारण तीन-चार आठवड्यांचं. ते तोडायचं तर पडलेल्या कळ्या रोजच्या रोज, अळी मातीत जाण्याआधी वेचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका. त्या शेणकीत टाकू नका. पिवळ्या पडलेल्या, फुगीर दिसणाऱ्या कळ्या झाडावरूनच खुडा. सलग महिनाभर हे केलं, तर पुढची खेप निरोगी येते.