पोस्टरवरचं कौतुक: परीक्षणातलं वाक्य की प्रीमियरचा बाइट?

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलं की नव्या सिनेमाच्या फ्लेक्सवर कौतुकाची दोन-तीन वाक्यं दिसतात. सगळी एकाच टायपात छापलेली असतात, पण त्यांची किंमत सारखी नसते.

परीक्षणातल्या वाक्यामागे छापून आलेला पूर्ण लेख असतो. त्यात सिनेमाचे दोषही असतात आणि तारे समीक्षकाने स्वतः दिलेले असतात. बाइट, म्हणजे छोटी तोंडी प्रतिक्रिया, मात्र प्रीमियर सुटल्यावर कॅमेऱ्यासमोर घेतला जातो. बोलणारा निमंत्रित असतो, बहुतेकदा त्याच क्षेत्रातला असतो. तो मनापासून बोलत असेलही, पण शेजारी दिग्दर्शक उभा असताना खोट कोण काढणार?

वार पाहिला तरी बराच उलगडा होतो. सिनेमा सहसा शुक्रवारी लागतो आणि परीक्षणं त्याच सुमारास येतात. त्यामुळे बुधवारीच टांगलेल्या फ्लेक्सवरचं वाक्य बहुधा खास खेळातलं असतं. पिफसारख्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) महोत्सवात आधी दाखवलेला सिनेमा याला अपवाद.

परीक्षणातलं वाक्य खरं असूनही फसवू शकतं, आणि आम्हाला हा प्रकार जास्त गंभीर वाटतो. समजा, समीक्षकाने लिहिलं, ‘पूर्वार्ध धमाल आहे, उत्तरार्धात पटकथा ढेपाळते.’ पोस्टरवर येतं फक्त ‘धमाल!’ अवतरणात एकच शब्द असेल, मध्ये तीन टिंबं असतील किंवा वृत्तपत्राचं नाव असून समीक्षकाचं नसेल, तर मूळ परीक्षण शोधावंच. ताऱ्यांचीही अशीच हातचलाखी होते. २०१५ च्या ‘लेजंड’ या ब्रिटिश सिनेमाला ‘गार्डियन’ने दोनच तारे दिले होते. पोस्टरवर ते दोन नायकांच्या डोक्यांमधल्या फटीत बसवले. आजूबाजूला चार-पाच ताऱ्यांच्या ओळी असल्यामुळे बाकीचे तारे डोक्यांआड गेलेत असंच वाटायचं.

याहून पुढची पायरी म्हणजे समीक्षकच खोटा. सोनीच्या जाहिरातींत झळकणारा डेव्हिड मॅनिंग अस्तित्वातच नव्हता, हे २००१ मध्ये ‘न्यूजवीक’ने उघड केलं. पुढे २००५ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

आपल्याकडे जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतली शिफारस प्रामाणिक मत असावी लागते, आणि शिफारस करणाऱ्याचं जाहिरातदाराशी मतावर परिणाम करू शकेल असं नातं असेल तर ते सांगावं लागतं. फ्लेक्सवरच्या बाइटखाली ‘सहनिर्माता’ किंवा ‘कलाकाराचे बंधू’ असं लिहिलेलं कधी दिसतं का, ते मुद्दाम पाहा.