पिल्लाला शहराचा कंटाळा यायला हवा

न्यूयॉर्कच्या सबवेत कधीतरी समोरच्या प्रवाशाच्या पायाशी, बाकाखाली सरकून, लॅब्राडोरचं चार-पाच महिन्यांचं पिल्लू झोपलेलं दिसतं. अंगात छोटं जाकीट, त्यावर अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या एखाद्या शाळेचं नाव. डब्यातले लोक फोटो काढतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "हे रस्ता दाखवायला शिकतंय का?" तर नाही. ते झोपलंय, आणि त्याचा आजचा धडाच तो आहे.

एरवी या सबवेत कुत्रा न्यायचा तर तो पिशवीत किंवा पेटीत हवा, असा नियम आहे. (त्यामुळे चांगल्या थोराड कुत्र्यांनाही झोळीत बसवून खांद्यावर नेणारे न्यूयॉर्ककर बघायला मिळतात.) अंध माणसाला रस्ता दाखवणाऱ्या तयार कुत्र्याला, म्हणजे गाइड डॉगला, अर्थातच सूट आहे. शिकाऊ पिल्लांचं मात्र त्रांगडं आहे. अमेरिकेचा अपंगांविषयीचा केंद्रीय कायदा पूर्ण तयार झालेल्या कुत्र्यालाच हॉटेलात, दुकानात, बसमध्ये प्रवेशाचा हक्क देतो; शिकणाऱ्यांचं काय करायचं ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

न्यूयॉर्कच्या जवळ अशा दोन मोठ्या शाळा आहेत. 1929 साली सुरू झालेली 'द सीइंग आय' न्यू जर्सीत मॉरिसटाउनला आहे. एडिसनकडच्या मराठी मंडळींना ते काही लांब नाही, त्यातल्या काहींनी ही जाकीटवाली पिल्लं मॉलमध्ये पाहिलीही असतील. दुसरी 'गायडिंग आइज फॉर द ब्लाइंड', शहराच्या उत्तरेला यॉर्कटाउन हाइट्समध्ये, 1954 पासूनची. पिल्लं शाळेच्या स्वतःच्या पैदाशीतली असतात, बहुतेक लॅब्राडोर, शिवाय गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड. सात-आठ आठवड्यांचं पिल्लू एका स्वयंसेवक कुटुंबाकडे जातं आणि साधारण सव्वा ते दीड वर्षाचं होऊन शाळेत परततं. रस्ता दाखवण्याचं शिक्षण त्यानंतर, पगारी प्रशिक्षकांच्या हाताखाली, काही महिन्यांत होतं. मग सांभाळणाऱ्या कुटुंबाने एवढे दिवस काय करायचं? माझ्या मते एका वाक्यात उत्तर असं: जगातल्या सगळ्यात गोंगाटाच्या शहरांपैकी एकाचा त्या पिल्लाला मनापासून कंटाळा आणायचा.

हे काम घरांवर सोपवायचं, ही कल्पना सुरुवातीला नव्हती. अमेरिकेतला पहिला नावाजलेला गाइड डॉग म्हणजे मॉरिस फ्रँक या अंध तरुणाची बडी. ही जर्मन शेफर्ड कुत्री स्वित्झर्लंडमध्ये, डोंगरातल्या एका केंद्रात तयार झाली होती. जून 1928 मध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांच्या देखत तिने फ्रँकला वेस्ट स्ट्रीट हा वाहता रस्ता सुखरूप पार करून दिला. फ्रँकने त्या केंद्राच्या संस्थापक डोरोथी युस्टिस यांना एका शब्दाची तार केली: 'यश'. पण बडीसारखी कुत्री मुद्दाम तयार करायची तर किती हाती लागतात, हा प्रश्न पुढे सगळ्याच शाळांना छळत राहिला. कॅलिफोर्नियात सॅन राफाएलच्या शाळेत 1940 च्या दशकात प्रशिक्षणाला घेतलेल्या दहा कुत्र्यांमधला जेमतेम एक पास होई.

तिथे काम करणाऱ्या क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनी या गळतीचा पिच्छा पुरवला. मेन राज्यात बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट हे शास्त्रज्ञ कुत्र्यांच्या वागणुकीवर संशोधन करत होते. त्यांच्याशी फाफेनबर्गर यांनी संधान बांधलं. 1959 साली दोघांनी मिळून छापलेली आकडेवारी अजूनही चकित करते. बाराव्या आठवड्यातली चाचणी आटोपल्यावर आठवड्याभरात जी पिल्लं घरी गेली, त्यातली 90 टक्क्यांच्या आसपास पुढे गाइड डॉग झाली. तीन आठवड्यांहून जास्त काळ जी कुत्राघरातच राहिली, त्यांच्यात हे प्रमाण 30 टक्क्यांवर आलं. आईबाप त्याच पैदाशीतले, खाणंपिणं सारखं, चाचणीही दोन्ही गटांनी दिलेली. फरक होता तो थोड्या आठवड्यांचा.

बार हार्बरच्याच एका प्रयोगात पिल्लांना कुंपण घातलेल्या माळावर, माणसाचा वारा लागू न देता वाढवलं होतं. काहींना ठरावीक वयात आठवडाभर माणसांत आणलं, काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आणलंच नाही. ही शेवटची पिल्लं नंतर कितीही चुचकारलं तरी रानटी जनावरासारखी माणसापासून लांबच पळत राहिली. 1961 साली 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जे भेटेल ते 'आपल्या जगातलं' म्हणून दाखल करून घेतो. त्यानंतर नवं काही दिसलं की पहिला विचार धोक्याचा. शिकता पुढेही येतं, पण कष्टाने.

आता शहरातली अडचण बघा. नेमक्या याच आठवड्यांत पिल्लाचं लसीकरण अर्धवट असतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं हळूहळू ओसरत असतात आणि ती असेपर्यंत लशीला नीट काम करू देत नाहीत. म्हणून लस एकदाच न देता तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चौथ्या महिन्यापर्यंत देत राहतात. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तर मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि मॅनहॅटनच्या फुटपाथवर रोज किती कुत्री जाऊन येतात याला गणती नाही. पिल्लू घरात कोंडलं तर जग ओळखीचं करून घ्यायची ही खिडकी बंद होते, रस्त्यावर सोडलं तर जीव जाऊ शकतो. यावरचा उपाय अगदी साधा आहे: उचलून न्यायचं. छातीशी धरलेलं किंवा झोळीत बसवलेलं पिल्लू कोपऱ्यावर उभं राहून फायर ब्रिगेडचा बंब, व्हीलचेअर, छत्र्या, दाढीवाले, हेल्मेटवाले सगळं बघून घेतं. पाय मात्र जमिनीला लावत नाही.

पाय लागायला लागले की खरा तपशील सुरू होतो. न्यूयॉर्कच्या फुटपाथमध्ये जागोजागी सबवेच्या हवेसाठी लोखंडी जाळ्या बसवलेल्या आहेत. पिल्लू अशा जाळीपाशी येतं आणि चारही पाय रोवून थांबतं. खाली काळोख दिसतोय, फटीतून ऊबदार वारा येतोय, तेवढ्यात खालून गाडी धडधडत जाते. इथे पट्टा ओढायचा मोह होतो आणि तेवढंच करायचं नसतं. जाणकार माणूस दोन पावलं मागे जातो, पिल्लाला बघू देतो, त्याने आपणहून मान पुढे केली की खाऊचा एक दाणा. मग एक पाय जाळीवर, दाणा. मग वळून निघून जायचं. उद्या पुन्हा.

या सावकाशीमागे शास्त्र आहे. एकच आवाज वारंवार ऐकला आणि त्यातून वाईट काही घडलं नाही, तर मज्जासंस्था त्याची दखल घेणं सोडून देते. विरारहून रोज चर्चगेटला जाणाऱ्याला लोकलचा खडखडाट ऐकू येईनासा होतो, तसंच. पण हाच आवाज पहिल्याच वेळी सहन होण्यापलीकडे मोठा असेल, तर उलटं होतं आणि प्रत्येक खेपेला भीती वाढत जाते. गाडी फलाटात शिरताना आवाज कधीकधी 100 डेसिबलच्या पुढे जातो. त्यात माणसाचा कान 20 हजार हर्ट्‌झला थांबतो, तर कुत्र्याचा 40 हजारांच्याही पुढे जातो. म्हणजे ब्रेकच्या किंचाळण्याचा जो भाग आपल्याला ऐकूच येत नाही, तोही त्याच्या वाट्याला येतो. म्हणून आधी रस्त्यावर जिन्याच्या तोंडाशी, मग तिकिटाच्या फाटकापाशी, मग फलाटाच्या मागच्या भिंतीला टेकून, असं उतरत जायचं. अजिबात न दचकणारं पिल्लू कुणालाच नको असतं. पिल्लाजवळ अचानक छत्री उघडली तर ते दचकणारच. ते किती सेकंदांत सावरून छत्रीचा वास घ्यायला येतं, यावर शाळेचं लक्ष असतं.

आवाजाहून चिवट शत्रू म्हणजे फुटपाथवरचं खाणं: पिझ्झाच्या कडा, कोंबडीची हाडं, सांडलेले फ्राइज. लॅब्राडोर हावरट असतो हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण 2016 मध्ये केंब्रिजच्या एलेनर रॅफन आणि सहकाऱ्यांनी त्याचं एक कारण दाखवून दिलं. पोटभर झाल्याचा निरोप मेंदूत पोचवण्यात पीओएमसी या जनुकाचा हात असतो. अनेक लॅब्राडोरांत त्याचा एक छोटा तुकडा गायब असतो. घरगुती लॅब्राडोरांत साधारण चारांतल्या एकात हा दोष सापडला. मदतनीस कुत्र्यांमधल्या लॅब्राडोरांत? 76 टक्के! खाऊसाठी काहीही करायला तयार असलेली कुत्री शिकवायला सोपी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली, आणि त्यांच्याबरोबर न भागणारी भूकही निवडली गेली असावी, असा अंदाज आहे. म्हणजे ज्या गुणामुळे पिल्लू जाळीवर पाय ठेवतं, त्याच गुणामुळे ते कोपऱ्यावरच्या हाडावर झडप घालतं. सांभाळणाऱ्याने याबद्दल पिल्लावर चिडण्यात काही अर्थ नाही. हाडाकडे दुर्लक्ष करून आपल्याकडे बघितलं की जास्त चांगलं काही मिळतं, एवढा सौदा त्याला रोज पटवत राहायचा.

शी-शूचंही शहराला वेगळं शिकवावं लागतं. अंगणातल्या गवताची सवय लागलेलं पिल्लू काँक्रीटवर बसतच नाही, मग मॅनहॅटनमध्ये पंचाईत. शिवाय पट्ट्यातच, सांगितल्यावरच बसायला हवं. उद्याचा अंध मालक त्या वेळी पाठीवर हात ठेवून पाठीच्या बाकावरून ओळखणार आहे, काय चाललंय आणि पिशवी घेऊन हात कुठे न्यायचा.

आठव्या महिन्याच्या सुमाराला सगळं शिकवलेलं वाया गेल्यासारखं वाटू लागतं. काल 'बस' म्हटल्यावर बसणारा आज ढुंकून बघत नाही. ब्रिटनमधल्या गाइड डॉग पिल्लांवर लुसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी केलेला 2020 चा अभ्यास या काळात दिलासा देण्यासारखा आहे. आठ महिन्यांची कुत्री सांभाळणाऱ्याचं ऐकायला कुरकुरत होती, पण तोच हुकूम अनोळखी माणसाने दिला तर मुकाट पाळत होती. वयात येणारी मुलं घरात आणि शेजाऱ्यांकडे कशी वेगवेगळी वागतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. वर्षाचं होईपर्यंत हे निवळतं.

लाडाचा प्रश्न निघतोच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एमिली ब्रे यांनी सीइंग आयमधल्या 98 पिल्लांचा जन्मापासून माग काढला. ज्यांच्या आया सतत अंगाशी घेऊन चाटत बसायच्या, ती पिल्लं पुढे जास्त नापास झाली. आडवं पडून आयतं दूध देणाऱ्या आईपेक्षा उभी किंवा बसलेली आई, जिच्यापर्यंत पिल्लाला धडपडत पोचावं लागतं, ती बरी ठरली. यावरून पिल्लाशी कठोर वागा असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. अभ्यासात तसं काही म्हटलेलं नाही. बाकी सगळं जुळूनही बरीच कुत्री गाळली जातात. कुणाला कबुतरं सोडवत नाहीत, कुणाचा खुबा कच्चा निघतो. त्यातली काही पोलिसांकडे वास घेण्याच्या कामावर जातात, काही आपल्याच जुन्या घरी परततात.

मुंबई-पुण्यात अशी कुत्री का दिसत नाहीत, असं वाचकांच्या मनात आलं असेल. खर्च हे एक कारण असेलच. पण गाइड डॉगचं सगळं काम 'फुटपाथने सरळ जा, कडेला थांब' या पायावर उभं आहे, आणि आपल्याकडे फुटपाथ मध्येच संपतो किंवा त्यावर दुकान असतं. शिवाय गल्लीगल्लीत हद्द राखणारी भटकी कुत्री. आपल्या कुत्र्याला त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकवता येईल हो, त्यांना कोण शिकवणार?

शाळेत परतल्यावर मात्र अभ्यास पालटतो. लोकांना वाटतं, कुत्रा सिग्नल बघून रस्ता ओलांडून देतो. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा-पिवळा कळतो, लाल-हिरव्यात फारसा भेद नाही. वाहनांचा आवाज ऐकून 'चल' म्हणायचं की नाही हे माणूसच ठरवतो. कुत्र्याने 'चल' ऐकायचं, आणि गाडी अंगावर येत असेल तर ऐकायचं नाही. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून या नकाराची किंमत आणखी वाढली आहे. रहदारीला घाबरणारा कुत्रा प्रत्येक गाडीला नकार देईल, मग त्यातला खरा नकार कुठला हे माणसाला कळणार कसं? मॉरिसटाउनच्या रस्त्यांवर शाळेचेच लोक गाड्या घेऊन मुद्दाम आडवे येतात आणि दीड वर्षं गाड्यांचा कंटाळा करायला शिकलेल्या कुत्र्याला आता त्यातल्या नेमक्या एकीसाठी थांबायला शिकवतात.