आवशीची पाठ, लेकीचं मनगट

मालवणच्या बाजारात ज्या काकीकडून मी वर्षानुवर्षं बांगडे घेते, ती या पावसाळ्यात पडवीतल्या शेवाळावर घसरली आणि डावं मनगट मोडून बसली. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून म्हणाली, "माझी आवस अशीच पाठीत वाकली. आता माझी पाळी इली." शेजारणीने लगेच घराण्याचा दोष काढला, देवळात कौल लावून घे म्हणाली. काकीची धाकटी बहीण बाजूलाच कोयतीवर मासे कापत होती. तीच पेज खाऊन वाढलेली, तशीच डोक्यावर पाटी वाहिलेली. गेल्या वर्षी तीही घसरली होती, पण खरचटण्यावर निभावलं.

हाडाची घनता घराण्यातून येते, हे खरंच आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत दिसतं की माणसामाणसांतल्या घनतेच्या फरकापैकी साधारण 50 ते 80 टक्के भाग आनुवंशिक असतो. पण तो दोष नव्हे, आणि एका पुडीत बांधून आईकडून लेकीकडे येणारी वस्तूही नव्हे. ब्रिटनमधल्या सव्वाचार लाखांहून अधिक लोकांच्या टाचा अल्ट्रासाउंडने तपासून केलेला एक अभ्यास 2018 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात घनतेशी संबंध असलेल्या 518 जागा जनुकसंचात सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून फरकाचा जेमतेम पाचवा हिस्सा उलगडतो. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. आईकडची अर्धी आणि वडिलांकडची अर्धी चिमूट प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने निवडली जाते, म्हणून सख्ख्या बहिणींचीही हाडं वेगळी निघतात.

या गर्दीत एक जनुक मात्र माझं विशेष आवडतं. नाव एलआरपी5, मुक्काम अकराव्या गुणसूत्रावर.

हाड म्हणजे एकदा रचून सोडून दिलेला चिरा नव्हे. आत सतत डागडुजी चालू असते: काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही नवं बांधतात. बांधणाऱ्या पेशीच्या अंगावर या जनुकापासून बनणारं एलआरपी5 हे प्रथिन कडीसारखं असतं. बाहेरून 'विंट' नावाचा निरोप्या येऊन ही कडी वाजवतो. मग पेशीच्या आत एरवी सतत मोडून टाकलं जाणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठू लागतं, केंद्रकात शिरतं आणि हाड बांधणारी जनुकं चालू करतं. पण कडी वाजू न देणारंही कुणीतरी आहे. त्याचं नाव स्क्लेरोस्टिन. ते एलआरपी5 ला चिकटलं की विंट आला तरी दार उघडत नाही.

2001 साली कळलं की ज्या मुलांत एलआरपी5 च्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यांची हाडं लहानपणीच मोडतात आणि दृष्टीही जाते. पुढच्याच वर्षी उलटी बाजू समोर आली. अमेरिकेतली एक तरुणी मोटार अपघातातून एकही हाड न मोडता बाहेर आली होती, आणि तिच्या घराण्यात अनेकांची हाडं अशीच विलक्षण दाट होती. एलआरपी5 प्रथिनाच्या साखळीत 171 व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं आलेलं. एवढ्याशा बदलाने रोखणाऱ्या प्रथिनांची पकडच ढिली पडते. स्क्लेरोस्टिनला अडवणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाला 2019 साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता पाटीकडे येऊ. स्क्लेरोस्टिन कोण बनवतं? हाडाच्या आतच गाडल्यासारख्या राहणाऱ्या ऑस्टिओसाइट पेशी. बारीक नळ्यांतून त्यांनी आपले हात एकमेकींपर्यंत पोचवलेले असतात. हाडावर भार आला की ते केसभर वाकतं, नळ्यांतला द्रव हलतो, पेशीला ते कळतं आणि ती स्क्लेरोस्टिन कमी करते. म्हणजे जिथे भार, तिथेच बांधकामाला मोकळीक. "इतकी वर्षं वजन उचललं, मग हाड घट्ट का नाही?" हा काकीचा प्रश्न अगदी रास्त होता. पण डोक्यावरच्या पाटीचा भार मणक्यातून खुब्यात उतरतो, मनगटाच्या वाट्याला तो फारसा येत नाही. आणि पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं, हाड विरघळवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, पहिल्या काही वर्षांत घनता वेगाने उतरते. अशा उतरत्या वयात, मणका आधीच कमजोर असेल तर तीच जड पाटी तो दाबून टाकू शकते. म्हणून ओझं हा उपाय म्हणून मी कुणाला सांगणार नाही.

कौल लावणाऱ्यांइतकाच राग मला जनुक-चाचणीच्या जाहिरातींचा येतो. 1994 साली ड जीवनसत्त्व पकडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला एक फरक हाडाच्या घनतेचं मोठं कोडं सोडवतो, असा गाजावाजा झाला होता. 2006 साली युरोपातल्या 26 हजारांहून अधिक लोकांवर तो दावा तपासला, तेव्हा त्या फरकाचा घनतेशी किंवा हाड मोडण्याशी संबंध दिसला नाही. तरी अशी चार-दोन अक्षरं वाचून भविष्य सांगणारे अहवाल अजून विकले जातात. ते पैसे नाचणीवर आणि काट्यासकट खाता येणाऱ्या सुक्या मासळीवर खर्च करा, कॅल्शियम तरी पोटात जाईल.

काकीला हवी आहे ती हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी. टेबलावर काही मिनिटं पडून राहायचं, क्ष-किरणांचा डोस अगदी अल्प, आणि खुबा व मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा, हातात येतो. उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार, म्हणतात, आणि त्यावर औषधं आहेत. आईची पाठ वाकलेली आणि स्वतःचं मनगट साध्या घसरण्याने मोडलेलं, या दोन गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगायच्या. धाकटीलाही मी बरोबर जायला सांगितलं आहे. एकदा पडून ती वाचली ती कशी पडली, कशावर पडली यामुळेही असू शकेल, आणि तिचीही पाळी थांबून चार वर्षं झाली आहेत.