पार्श्वभूमी : डॉ. स्पॉक आणि पालथं झोपवण्याचा सल्ला

बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी अमेरिकेची एक अख्खी पिढी लाडावून ठेवली, हा आरोप सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९४६ साली २५ सेंटला मिळणाऱ्या त्यांच्या बालसंगोपनाच्या पुस्तकाने आयांना धीर दिला, एवढं खरं. त्याआधी दूध पाजायचं ते घड्याळ बघून. १९२८ मध्ये तर एका मानसशास्त्रज्ञाने मुलांचे मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असं लिहिलं होतं. स्पॉक म्हणाले, रडलं तर जवळ घ्या.

'परमिसिव्ह', म्हणजे मुलांना मोकाट सोडणारा, हा शिक्का घट्ट बसला तो १९६८च्या सुमाराला. व्हिएतनामसाठीची सक्तीची लष्करभरती टाळायला तरुणांना चिथावल्याच्या खटल्यात बोस्टनमध्ये ते दोषी ठरले (पुढच्याच वर्षी अपिलात सुटले). रस्त्यावर उतरलेली पोरं याच पुस्तकावर वाढलीत, असं धर्मोपदेशक आणि राजकारणी सांगू लागले. आईबापांनी ठाम राहावं, हे पन्नाशीच्या दशकातल्या सुधारित आवृत्तीत स्पॉकनी स्वतःच घातलं होतं. ते टीकाकारांनी वाचलं नसावं.

वाद घालायला हवा होता तो पुस्तकातल्या दुसऱ्याच परिच्छेदावर. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, शिवाय एकाच कुशीला मान वळवून डोकं चपटं होईल. म्हणून पालथं झोपवावं, असा सल्ला १९५८च्या आवृत्तीत आहे. ऐकायला बिनतोड, पण मोजूनमापून काढलेला पुरावा त्यामागे नव्हता. असं सांगणारे ते एकटेच डॉक्टर नव्हते, हेही नोंदवायला हवं. मात्र घरोघरी उशाशी असलेलं पुस्तक त्यांचं होतं.

पालथं झोपवणं घातक ठरू शकतं, हे १९७०पर्यंत झालेले अभ्यास एकत्र मांडले असते तरी दिसलं असतं. ते मांडलेच गेले नाहीत. उताणं झोपवण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ला आणि अमेरिकेत १९९४ला निघाली. अमेरिकेत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दशकभरात जवळपास निम्म्यावर आलं. २००५च्या एका आढाव्याने हिशेब मांडला : वेळीच लक्ष दिलं असतं तर ब्रिटनमध्ये दहा हजारांवर आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा भाग) मिळून किमान पन्नास हजार मृत्यू कदाचित टळले असते.

स्पॉक मार्च १९९८मध्ये, ९४व्या वर्षी गेले. त्यानंतर लगेच आलेल्या सातव्या आवृत्तीवरून पुन्हा गदारोळ झाला, तो दोन वर्षांपुढच्या मुलांना दूध नको, या सल्ल्यावरून.